नेरूळ ते खंडाळा, इंटरकूलरमार्गे

लोक हिमालयात जातात, बालीला जातात आणि परत आल्यावर लिहितात. मी कामोठ्याला गेले होते. आमच्या नेरूळच्या सोसायटीत अशी बरीच माणसं आहेत जी दोन-दोनदा दुबई करून आलीत, पण कामोठे त्यांनी फक्त हायवेवरच्या पाटीवर वाचलंय. हे त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांची टर्बो गाडी घाटात दम टाकते, त्यांच्यासाठी जरा जास्त.

नेरूळ

माझी गाडी लहान आहे. करड्या रंगाची, सेकंडहँड, पार्किंगमध्ये शोधावी लागते अशी. म्हणूनच मी ती घेतली. बाहेरून बँकेतल्या क्लार्कची वाटते, पण आत टर्बो आहे. टर्बो म्हणजे इंजिनाने बाहेर टाकलेल्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. घरातल्या भांडणाच्या वाफेवर भात शिजवावा तसा प्रकार आहे. ही कोंबलेली हवा, म्हणजे बूस्ट, तापते. ती थंड करायला पुढे बंपरमागे एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

मागे एकदा तळेगावला आत्याकडे चाललो होतो. बाबा, आई, बाळामामा, मामी आणि मी. खोपोलीच्या पुढे जुन्या घाटात गाडीत एक नारिंगी दिवा लागला आणि गाडी रांगायला लागली. कोंबड्यांचा टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. कोंबड्यांनी मान वळवून बघितलं. बाबांनी आधी एसी बंद केला, मग खिडक्या उघडल्या, मग वजन कमी व्हावं म्हणून बाळामामाला खाली उतरवलं. मामा बराच वेळ गाडीच्या बाजूने चालत होता. एकदा तर तो पुढे गेला.

बाबा बँकेत होते. त्यांना तोंडी निर्णय आवडत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी घाटातच निर्णय दिला. काही आठवड्यांनी आत्याच्या नव्या घराचं जेवण होतं, त्याला परत याच रस्त्याने जायचं होतं. त्या दिवशी पाच जण आणि एसी पूर्ण चालू ठेवून गाडी वर गेली तर राहील. नाही गेली तर विकायची आणि एखादी ऑटोमॅटिक घ्यायची, जी शहाण्या मुलींना शोभते. गाडी माझ्या नावावर आहे, पण अर्धे पैसे बाबांचे. त्यामुळे अपील नव्हतं.

सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पाच जण बसले की असं होणारच." गाडीत सीट पाच आहेत, याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मग मी वाचायला बसले. टर्बोवर माणसं किती लिहितात हे बघून जगात एकटं वाटणं बंद होतं. आठवड्याभरात माझा अंदाज झाला: टर्बो आणि इंजिन यांच्यामधला एखादा रबरी पाइप कुठेतरी फाटलेला असणार, आणि मूळचा इंटरकूलर या इंजिनाला पुरत नाही. दोन्ही बदलायचे. अडचण एकच होती, की हे कुणाला तरी तोंडाने सांगावं लागणार होतं. मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही. रिक्षावाल्यालासुद्धा मी मनात दोनदा म्हणून बघितल्याशिवाय 'पुढे डावीकडे' म्हणत नाही.

बाळामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात तो आयुष्यभर होता आणि आता रिटायर होऊन घरी बसला होता. बसला म्हणजे मामीच्या मते अक्षरशः बसला होता. तो म्हणाला, "मी येतो. तू मोबाइलवर लिही, मी वाचून दाखवतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचून दाखवलेत."

मामाला गाडी चालवता येते. गाडीतलं काही कळत नाही, आणि त्याने ते कधी लपवलं नव्हतं. निदान त्या सकाळपर्यंत तरी नव्हतं.

कामोठे

कामोठ्यात दोन कामोठे आहेत. एक सेक्टरवालं, आमच्या नेरूळसारखंच, फक्त इमारती नव्या आणि झाडं लहान. दुसरं गावठाण. सेक्टरचा सरळ रस्ता जिथे एकदम लाजून वाकडा होतो, तिथे ते सुरू होतं. देऊळ, सुकत घातलेली मच्छी, आणि ज्या जमिनीवर भात व्हायचा तिथे चार-चार मजली घरं, प्रत्येकावर मालकाच्या आईचं नाव. टर्बोवर लिहिणारे ज्याचं नाव हमखास घेतात त्या दिनेशशेठचं गॅरेज अशाच एका घराच्या तळमजल्यावर आहे. वरती तो आणि त्याची आई, त्याच्यावर भाडेकरू.

दिनेशशेठ चाळिशीचा, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात बैल बांधता येईल अशी साखळी. गॅरेजमध्ये राहून शर्ट इतका पांढरा कसा, हा प्रश्न मला दिवसभर पडला. उत्तर सोपं होतं: तो स्वतः पाना उचलत नाही. तो ऐकतो. बॉनेटला कान लावून डोळे मिटतो, डॉक्टरसारखा.

"बोला काका, काय करायची गाडी?" तो मामाला म्हणाला. गाडी मी चालवत आणली होती, चावी माझ्या हातात होती. पण मला हे बरंच वाटलं. मी मोबाइल मामापुढे धरला.

मामाने चष्मा लावला आणि कस्टम्सच्या साहेबासमोर वाचावं तसं वाचलं, "चढावर लोड आला की इनटेक टेंपरेचर वाढतं. बूस्ट लीक असण्याची शक्यता आहे. आधी प्रेशर टेस्ट करावी."

दिनेशशेठने मामाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "काका लाइनमधले दिसता."

"तसं थोडंफार," मामा म्हणाला.

इथून आमचा प्रवास बिघडायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मामाला लाइनमधला म्हणालं होतं. त्याचा आवाज बदलला. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याने चहा मागवला, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये.

"लीक बघू," दिनेशशेठ म्हणाला, "पन आदी सायलेन्सर बदला. ऐका." त्याने बाजूला उभी असलेली एक पांढरी गाडी चालू केली आणि रेस दिली. बंदुकीसारखा बार झाला. देवळावरची कबुतरं उडाली. वरच्या भाडेकरूने खिडकी लावून घेतली, न चिडता, रोज लावत असेल तशी.

"आवाज नाय तर पावर कशी कलनार?" दिनेशशेठ म्हणाला.

मी लिहिलं: गाडी शांत हवी. पळायला हवी, पण शांत.

मामाने वाचलं. मग चष्मा काढून स्वतःच्या मनाने जोडलं, "पण थोडा आवाज असला तर काय हरकत आहे?"

मी मोबाइल परत पुढे केला. नको, एवढंच लिहिलं होतं. शिवाय असला सायलेन्सर बेकायदा आहे, पोलीस पकडतात. मामाने ते जरा नाराजीनेच वाचलं.

"शांतच पायजे तर सायकल घ्या ना काका," दिनेशशेठ म्हणाला. पण तो रागावला नाही. मला नंतर कळलं, की तो कुणावरच रागावत नाही. गिऱ्हाईक चुकीचं बोललं की त्याला चहा पाजतो आणि परत विचारतो.

दोन चहांनंतर असं ठरलं: नवे पाइप, नवे प्लग, चांगले ब्रेक पॅड आणि मोठा इंटरकूलर. ब्रेक पॅड माझा हट्ट. जी गाडी जास्त पळणार तिने थांबायलाही शिकावं, हे मी लिहिलं तेव्हा दिनेशशेठ "वा काका" म्हणाला. गाडीतल्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवायचाही एक प्रकार असतो. तो मी नको म्हटला, कारण मग इन्शुरन्सवाल्यांना काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं.

मग एअर फिल्टर निघाला. मूळचा फिल्टर प्लॅस्टिकच्या बंद डब्यात असतो. त्याऐवजी दिनेशशेठकडे उघडा, लाल, चकचकीत, आइस्क्रीमच्या कोनासारखा एक होता. "खेचते गाडी," तो म्हणाला, "आणि टर्बोची शिट्टी ऐकू येते." मी 'बंद डबाच राहू दे' असं लिहीत होते. 'बंद ड' पर्यंत आले तेवढ्यात मामा म्हणाला, "टाका."

मी 'बंद ड' पुसून टाकलं. एवढ्यासाठी कोण भांडणार, असं वाटलं.

इंटरकूलर मागवायला दिवस लागतील, असं दिनेशशेठने सांगितलं. मामा उभा राहिला. "थांबा. न्हावा शेव्याला माझी ओळख आहे."

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर

या रस्त्यावर लहान गाडीने जाणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये रांगणाऱ्या बाळाने जाणं. चहूबाजूंनी कंटेनरचे ट्रेलर. प्रत्येकाचं चाक आपल्या खिडकीएवढं. एका बाजूला खाडी, तिवरं, मिठागरांचे उरलेले चौकोन. दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेले कंटेनर, लाल, निळे, गंजके. मला तो देखावा आवडला. कोणी तो सुंदर व्हावा म्हणून केलेला नाही.

मामा गाइड झाला होता. "इथे पहिलं ऑफिस. इथे माझी टपरी. इथे एकदा जिराफ आला होता."

"जिराफ?"

"लाकडी. कुणाच्या तरी बागेसाठी. मान बसेना कंटेनरमध्ये म्हणून दोन तुकडे करून पाठवलेला."

नाश्त्याला आम्ही त्याच्या टपरीवर थांबलो. टपरी होती, मालक बदलला होता. ट्रक ड्रायव्हरांच्या मध्ये बाकड्यावर बसून भुर्जी-पाव खाल्ला. तिखट इतकं, की मामा बराच वेळ लाइनमधला वाटत नव्हता. घरी भुर्जीत आई टोमॅटो घालते आणि अंडं मऊ ठेवते. इथे अंडं तव्यावर खरवडून खरवडून कोरडं करतात, कारण ते पावात भरून एका हाताने खाता यावं, दुसरा हात स्टिअरिंगवर. मला हे पटलं.

मामाच्या ओळखी तीन होत्या. पहिला गावी गेला होता, कायमचा. दुसऱ्याने मामाला ओळखलं, मिठी मारली आणि स्वतःच्या मुलासाठी नोकरी आहे का विचारलं. तिसऱ्याने ओळखलं नाही, पण एका गोदामाकडे बोट दाखवलं.

गोदामाच्या मालकाने सिल्कचा झब्बा घातला होता. त्याच्याकडे सगळं होतं: आरसे, सीट, कुणाच्या तरी गाडीचा अख्खा पुढचा भाग. "डायरेक्ट कंटेनरचा माल साहेब," तो मामाला म्हणाला आणि खोक्यातून इंटरकूलर काढला. "गाडी मुलाची का?"

"भाचीची," मामा म्हणाला. मालकाने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं.

मी तो उचलून बघितला. केकच्या डब्याएवढा हलका. जाळीच्या पट्ट्या बोटाने दाबल्या तर दबल्या आणि तशाच राहिल्या. कडेचा जोड वेल्डिंगचा नव्हता, चिकटवलेला होता आणि त्यावर चंदेरी रंग मारला होता. मी वळून हळूच मोबाइलवर लिहिलं: खोटा आहे, घाटात फुटेल, काहीतरी कारण सांग आणि निघू या.

माझी चूक एवढीच, की मामाला 'वाच' आणि 'वाचून दाखव' यातला फरक सांगायचा राहिला होता. त्याने चष्मा लावला आणि गोदामात सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "खोटा आहे. घाटात फुटेल. काहीतरी कारण सांग आणि निघू या."

 एका माणसाने हातातला आरसा खाली ठेवला.

"कोन बोल्ला खोटा?" मालकाने विचारलं.

मामाने मान वर केली. त्याची पंचवीस वर्षांची कस्टम्ससमोरची तालीम इथे उपयोगी पडली. "मी नाही बोललो," तो म्हणाला. "इंटरनेट बोललं." आणि मोबाइल उचलून मालकाला दाखवला.

मालकाने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग तो म्हणाला, "इंटरनेटवर काय पन लिहितात," आणि तेवढ्या वेळात आम्ही गाडीत बसलो.

 परतताना गव्हाण फाट्याला मामा म्हणाला, "हलका होता ना?"

"केकच्या डब्यासारखा."

"मला वाटलंच," मामा म्हणाला.

दिनेशशेठने शेवटी दुसरीच वाट काढली. आमच्याच कंपनीच्या मोठ्या इंजिनाच्या गाडीचा इंटरकूलर माझ्या गाडीच्या खाचेत थोड्या फेरफाराने बसतो. तो मूळचा, कंपनीचा, आणि त्याच्याकडे एक पडून होता. हे मी वाचलं होतं आणि सकाळीच लिहून दाखवलं होतं, पण तेव्हा मामा न्हावा शेव्याला निघायच्या घाईत होता.

पुन्हा कामोठे

बंपर काढलेली गाडी दंतवैद्याकडे तोंड उघडून बसलेल्या माणसासारखी दिसते. तिच्याकडे बघवत नाही आणि नजरही हटत नाही. मेकॅनिकने जुना पाइप काढला, वाकवला, आणि एक चीर उघडली. नुसतं बघितलं तर दिसत नव्हती. दाब आला की तोंड उघडायची. घाटातली सगळी हवा तिथून पळाली होती.

"बघा काका, तुमी बोल्ला तेच," दिनेशशेठ मामाला म्हणाला. मामाने नम्रपणे मान झुकवली.

काम चालू असताना दिनेशशेठची आई जिन्यावरून खाली आली. सगळे तिला पदूबाय म्हणतात. नऊवारी, हातभर बांगड्या, आणि आवाज असा, की रेस दिलेली पांढरी गाडी शांत वाटावी. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोनाची गो तू? गाव कंचं?"

"महाडकडचं," मी म्हटलं. बायकांशी मी दोन शब्द बोलू शकते.

"लांबची हाय. चल, जेव. गाडी काय पलत नाय."

वर जिताड्याचं कालवण होतं. जिताडा हा खाडीतला मासा. तो हल्ली सहज मिळत नाही, आणि मिळाला तर पाहुण्यालाच वाढतात. आमच्याकडे माशाला कोकम असतं. इथे चिंच, आणि रंग असा, की भाकरी बुडवायला धीर लागतो. तांदळाची भाकरी पदूबायने ताटात एकावर एक टाकली. मी पुरे म्हटलं तर ती म्हणाली, "बारीक हायस, उडशील." मामाने चार खाल्ल्या, 'इंटरकूलर' हा शब्द दोनदा उच्चारला आणि तिथेच सोफ्यावर झोपला.

मी एकटी खाली आले. गाडी तयार होती, बंपर लावून झाला होता, बॉनेट उघडं होतं. मागून पदूबाय ताट घेऊन आली. हळद, कुंकू, अक्षता, नारळ.

"नवीन वस्तू लागल्या ना गाडीला? मंग हलद नको?"

आमच्या घरी बुद्धवंदना होते. गाडीची पूजा होत नाही. लिंबू फक्त सरबतात पडतं. बाबा या बाबतीत एवढे कडक आहेत, की नव्या फ्रीजवर दुकानदाराने काढलेलं स्वस्तिक त्यांनी डिलिव्हरीवाल्यासमोर पुसलं होतं. मी 'आमच्याकडे नाही करत' एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. पण पोटात जिताडा असताना तत्त्व सांगायला तोंड राहत नाही. आणि माझं तोंड वर सोफ्यावर घोरत होतं.

पदूबायने नव्या वस्तूंवर हळद टाकायची ठरवली. इंटरकूलर बंपरमागे लपलेला. पाइप काळे, खाली. प्लग आत. ब्रेक चाकात. वरून बघणाऱ्याला एकच वस्तू नवी दिसत होती: तो लाल, चकचकीत कोन. त्यामुळे चार वस्तूंच्या वाट्याची सगळी हळद त्याला मिळाली. मग अक्षता. मग नारळ फोडून त्याचं पाणी, तेही उदार हाताने. दिनेशशेठ हात जोडून उभा होता. मीही उभी होते.

मग ट्रायल. दिनेशशेठ चालवायला, मी बाजूला, उठवून आणलेला मामा मागे. खारघरच्या टेकडीकडे चढ आहे, तिकडे निघालो. सपाटीवर गाडी बरी होती, शिट्टीही ऐकू येत होती. चढ लागला आणि दिनेशशेठने पाय दाबला. गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि नारिंगी दिवा लागला.

 आत्याचं जेवण दोन दिवसांवर होतं.

दिनेशशेठने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, कान लावला, डोळे मिटले. "सेन्सर," तो म्हणाला.

मामा मागून उतरला. "इनटेक टेंपरेचर," तो झोपेत म्हणाला. "बूस्ट लीक असण्याची शक्यता आहे."

"लीक तर काढला ना काका."

"मग दुसरा असेल."

"मंग परत सगला खोलायला लागेल. आठवडा गेला."

मी कोनाकडे बघत होते. तो आता लाल नव्हता. हळद आणि नारळाचं पाणी मिळून त्यावर छान लेप बसला होता, जसा नवरीच्या हाताला बसतो, आणि गाडी त्या लेपातून श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती. घड्यांमध्ये तांदळाचे दाणे होते. मी मोबाइल काढला. मामा चष्मा शोधत खिसे चाचपायला लागला. चष्मा पदूबायच्या सोफ्यावर राहिला होता.

"मोठ्या अक्षरात लिही," तो म्हणाला.

दोघंही माझ्याकडे बघत थांबले. मी मोबाइल खाली केला.

"दिनेशशेठ, फिल्टर काढा," मी म्हटलं. "हळद गेलीय."

दिनेशशेठने मामाकडे बघितलं. "ही बोलते?"

"अधूनमधून," मामा म्हणाला.

"आणि जुना डबा परत लावा," मी म्हटलं. "बंद असतो तो. मला तो आधीच हवा होता."

"अवो मॅडम, डबा लावला तर शिट्टी जाईल."

"शिट्टी नकोय."

त्याने बोटाने लेप खरवडला आणि बोटाकडे बघितलं. मग हसायला लागला. पांढऱ्या शर्टावर पिवळा डाग पडला तरी हसत राहिला. "मॅडम, एक करा. आईला सांगू नका."

गॅरेजमध्ये परत आल्यावर डबा बसवला. हवा मोजणारा सेन्सर आणि त्याच्या आसपासचं सगळं मी स्वतः पुसलं, कारण तिथे कुणाचा घाईचा हात मला नको होता. परत त्याच चढावर गेलो. या वेळी मी चालवली. तिसरा गिअर, पाय खाली. काही ऐकू आलं नाही. फक्त रस्ता गाडीखालून ओढून घेतल्यासारखा मागे गेला आणि मामाने पुढच्या सीटची पाठ धरली. दिवा लागला नाही.

निघताना पदूबायने माझे पिवळे हात बघितले. मी आणि दिनेशशेठने एकमेकांकडे बघितलं.

"हलद लागली वाटतं पोरीला," ती म्हणाली. "बरं झालं. आता तुझंपन उरकेल लवकर."

खंडाळा

आत्याच्या जेवणाच्या दिवशी बाबा पुढे बसले. परीक्षेत सुपरवायझर बसतो तसे, हात मांडीवर, नजर माझ्या डॅशबोर्डवर. मागे आई, मामा आणि मामी. एसी पूर्ण चालू. पनवेललाच मामी कुडकुडायला लागली आणि "जरा कमी कर गं" म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले. "पूर्णच ठेवायचा." मामीने पदर डोक्यावरून घेतला.

"नखं पिवळी का?" बाबांनी मला विचारलं.

"हळद आहे."

"स्वयंपाक केलास?" मागून आईने विचारलं, आणि तिच्या आवाजात एवढी आशा होती, की मी उत्तर दिलं नाही.

खोपोली मागे पडलं आणि घाट लागला. मामा मागून बोलत होता. इंटरकूलर, बूस्ट, कॉम्प्युटरमधलं सेटिंग आपण का टाळलं, ब्रेक पॅड आपण का घेतले. माझी वाक्यं होती, शब्दन् शब्द, माझ्याच क्रमाने. मी ऐकत होते आणि गिअर बदलत होते. पहिलं मोठं वळण. मागच्या वेळी दिवा लागला होता ती जागा. मी पाय दाबला. गाडी काहीच बोलली नाही, नुसती चढली. पुढचा ट्रक मागे पडला, त्याच्या पुढचाही. बाबांचा हात मांडीवरून दाराच्या हँडलवर गेला. वर पोहोचेपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. मी तो इतक्या वेळा बघितला, की त्यालाच संकोच वाटला असेल.

वर एका टपरीवर थांबलो. कांदाभजी सांगितली. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढच्या बंपरच्या खाचेत कुंकवाचा एक ठिपका राहिला होता. त्यांनी वाकून बघितलं, रुमाल काढला, पुसला, आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवला.

"चढली," ते म्हणाले, शिक्का मारावा तसे. मग मामाकडे वळले. "बाळा, मानलं तुला. गाडी विकायची नाही. पण यापुढे हिच्याकडे तू लक्ष दे. प्रज्ञाला यातलं काय कळणार. आता हायवे आहे, तूच चालव." आणि मला म्हणाले, "चावी दे मामाला."

चावी माझ्या मुठीत होती. मामाचा हात अर्धा पुढे आला होता.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे मी चालवणार. आणि लक्षही मीच देणार."

आईच्या हातातली भजी तोंडाशी थांबली. मामाने हात मागे घेतला आणि पँटला पुसला.

"दाजी," तो म्हणाला, "मला काय येतंय त्यातलं. मी नुसता वाचून दाखवत होतो."

"काय वाचून दाखवत होतास?"

"हिचा मोबाइल."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गाडीकडे. मामी म्हणाली, "तरीच मी म्हणते, याला एवढं कुठून सुचतंय."  बाबा पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी गाडी चालू केली आणि कुणालाही न विचारता एसी कमी केला.

लोणावळा आलं. समोर बघतच बाबांनी विचारलं, "इंटरकूलर म्हणजे नक्की काय असतं?"

मी सांगायला सुरुवात केली. आधी टर्बो, मग हवा का तापते, मग तो पाइप, त्याची चीर, गोदामातला केकचा डबा. मामा मागून एकदा "बरोबर" म्हणाला आणि मग तोही ऐकत राहिला. कामशेतच्या पुढे बाबांना झोप लागली. मी तेव्हा ब्रेक पॅडवर आले होते. मी थांबले नाही.